बॉबिन दाखवा

रात्री पावणेअकराला मोबाईलवर ती मशीन आली:
पिको-फॉलची, मोटरवाली, नवीकोरी,
दुकानात अठरा हजारांची,
इथे साडेतीन.
"अर्जंट. फौजी आहे. बदली झाली. आजच द्यायची."

पायाखाली माझं जुनं पायडल,
त्याचा पट्टा मी तिसऱ्यांदा शिवलाय.
पिकोच्या साड्या अजून वडकीला पाठवते,
साडीमागे वीस रुपये दुसऱ्याच्या गल्ल्यात.
म्हणून बोट थांबेना. खोटं कशाला सांगू.

दुर्पतामावशी वडकीच्या बाजारात लुगडी विकायची,
खाली पोतं अंथरून, गुडघ्याजवळ पितळी डबा.
मला शेजारी बसवायची, म्हणायची:
"पोरी, भाव गिऱ्हाईकानं पाडावा.
न बोलता जो सोताच पाडते ना,
त्याच्या लुगड्याची घडी आतून उलगडून पाह्य.
वरच्या घडीले भोक नसतेच कधी."
मग एक दोरा ओढून काडी लावायची.
सुताची राख होते, नायलॉनची गोळी.

मोबाईलमधला दोरा कसा जाळू?

घडी तरी उलगडू म्हटलं.
विकणाऱ्याचं खातं चार दिवसांचं.
त्याच नावावर एक ट्रॅक्टर, एक फ्रीज, एक म्हैस.
सगळं अर्जंट. सगळ्यांची बदली.
म्हशीचीही.

लिहिलं, येऊन बघते, कुठे येऊ?
"छावणीत बाहेरच्यांना सोडत नाहीत ताई."
लिहिलं, मग बॉबिनचा फोटो पाठवा.
बराच वेळ तीन टिंबं नुसती हलत राहिली.
"बॉबिन मशीनसोबत फ्री मिळेल ताई."

एकटीच हसले,
खुंटीवरच्या सात ब्लाउजांसमोर.

आणि तरीही, बरं का,
डब्यातले साडेतीन हजार पोटात वाजतच होते.
तेवढेच होते ना नेमके.

मग त्यानं काळ्या ठिपक्यांचा चौकोन धाडला.
"बाराशे ॲडव्हान्स टाका. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."
मी गप्प.
"बरं, विश्वासासाठी मीच तुम्हाला एक रुपया देतो.
स्कॅन करा, पिन टाका."

घ्यायला पिन?
देणाऱ्याला कुलूप उघडावं लागतं,
घेणाऱ्याला ओंजळ पुरते.

अंकुश ठवकरनं अशीच टाकली होती पिन,
फवारणीच्या पंपासाठी.
डी.एड. झालेला पोरगा, हसू नका त्याला.
कितीतरी दिवस तो चावडीवरून न जाता
नाल्याकडून फिरून घरी जायचा.
त्याच्याच वहीच्या पुठ्ठ्यावरून मी उतरवून घेतलाय नंबर:
एक, नऊ, तीन, शून्य.
"पैसे गेले का लगेच लावा, काकू," म्हणाला,
"म्या दोन दिवस लाजलो."

बोलण्याचे फोटो काढून ठेवले, त्याच्या नंबराचे, चौकोनाचे.
तक्रारीचं बटण दाबलं.
"ताई, आहात का?"
हे त्याचं शेवटचं. मग दार लावलं.

झोप काही आली नाही.
मशीनचा फोटो बोटांनी ताणून मोठा केला.
मशीन खरी होती.
टेबलावर टेप, निळा खडू, अर्धी बाही,
सुई कापडात रुतलेली,
कुणी हाक मारली आणि बाई उठून गेली, तशी.
कुठली असेल?
तिला कुणी सांगितलं असेल का,
की तिची मशीन रोज रात्री विकली जाते,
साडेतीन हजारांना,
तिच्या बाहीसकट?

बाजाराच्या दिवशी वडकीला गेले.
दुकानदारानं न विचारता झाकण उघडलं,
बॉबिन काढून माझ्या तळहातावर ठेवली.
थंड, तेलकट.
"साडेसोळा," म्हणाला.
पैसे नव्हतेच एवढे. तरी सवयीनं म्हटलं,
"चौदाले देता का?"

तो नाही म्हणाला.
मला बरं वाटलं.