मापं जुळत नाहीत

मंगळवारी संध्याकाळी सहाला वर्ग.
हॅझर्ड गाव, केंटकीचे डोंगर, खाली पार्किंगमध्ये
खाण बंद पडल्यापासून न धुतलेले पिकअप ट्रक.
विजेचे खांब चढायला निघालेल्या माणसांना
मी बीजगणित शिकवते.
त्यातला डेल्मर स्टिडम, वय त्रेपन्न, माझ्याहून पाचाने लहान,
नखांच्या कडेला कोळशाची कायमची सही.
कॅल्क्युलेटर असा धरतो
जसा दुसऱ्या कुणाचा चष्मा धरावा.

पहिल्या आठवड्यात त्याला सगळ्या चुका एकच वाटायच्या.
"हे मशीन मला शिव्या देतंय, मिस."
शिव्या नाहीत रे, पत्ता आहे तो.
वाच तर खरं, कुठे अडलंय ते सांगतंय.

सिंटॅक्स म्हणजे,
तीन गुणिले उणे पाच लिहिताना तू वजाबाकीचं बटण दाबलंस.
दोन्ही आडव्या रेघाच, एक किंचित आखूड.
एक कुणाकडून तरी काढून घेते,
दुसरी मुळातच ऋण असते, कुणी काही न नेता.
तो बराच वेळ दोन्ही बटणांकडे बघत राहिला.
"फरक माहितीय मला," म्हणाला,
"बटणं माहीत नव्हती."

विंडो: डावी कड उजवीच्या पलीकडे गेली.
खिडकी उलटी बसवलीस तर बाहेरचं दिसणार कसं?
शून्याने भागाकार मात्र समजवावा लागला नाही.
"बंद खाणीतल्या शिफ्टा
शून्य माणसांत वाटायच्या. तेच ना?"
वर्ग हसला. मीही, जरा उशिरा.

मग ऑक्टोबरात एका साध्या रेषेवर अडला.
वाय बरोबर दोन एक्स अधिक एक. लिहिलेलं चोख.
तरी पडद्यावर: डिम मिसमॅच. मापं जुळत नाहीत.
आणि खाली एकच पर्याय, बाहेर पडा.
एरवी मशीन दुसराही देतं: चुकीपाशी ने.
इथे नाही. चूक त्याच्या ओळीत नव्हतीच.

मी याद्या उघडल्या.
पहिलीत एक ते अकरा. दुसरीत आकडे दहाच.
चौदा, साडेचौदा, सोळा, एकवीस...
"लेसीचं आहे," तो म्हणाला. "नववीत होती तेव्हाचं.
ओढ्याचं पाणी मोजायचो दोघं, पुलाच्या खांबावर, इंचात,
मी शिफ्टवरून आलो की."
आणि अकरावा दिवस?
"डबल शिफ्ट मिळाली होती."
खाली कुणाचा तरी ट्रक सुरू होईना, तीनदा खोकला.
लेसी आता सिनसिनाटीला असते. एवढंच सांगितलं त्याने,
मी पुढचं विचारलं नाही.

"पुसायचं का हे सगळं?"
विचारलं खरं, पण अंगठा बटणावरून बाजूला घेत.
नको. याद्या राहू दे.
वरच्या ओळीतला तो काळा झालेला प्लॉट फक्त बंद कर.
तो चालू आहे म्हणून मशीन
प्रत्येक नव्या रेषेआधी
त्या अकराव्या दिवसाची जोडी शोधायला जातं.

त्याने बंद केला.
रेषा आली, डावीकडून, ठिपक्या-ठिपक्याने,
चढणीला लागलेल्या ट्रकसारखी.

वर्ग सुटला. मी फळा पुसला, दिवे निम्मे केले.
तो तिथेच, याद्या पुन्हा उघडून.
दुसरीच्या अकराव्या घरात कर्सर लुकलुकतोय.
"अंदाजे भरला तर चालेल का, मिस?"
मशीनला चालेल, म्हटलं. ते काही बोलणार नाही.
"तेच तर," म्हणाला,
आणि झाकण सरकवून लावलं.