गिनती

उकंडा सुटून आला तेव्हा
हातात नायलॉनची एक पिशवी होती.
पिशवीत सतरंजी, सुटकेचा कागद
आणि अकरा वर्षं घासून कडा गेलेला स्टीलचा चमचा.
घराला भावाचं कुलूप.
सरपंच म्हणाले, पाहू.
पोलीसपाटील म्हणाले, पाहू.
मी चक्कीचं शटर अर्धं वर केलं, विचारलं,
'गोणी उचलता येते का?'

लोक हसले : तिथंही चक्की, इथंही चक्की.
तो हसला नाही.
'तिथं म्या सतरंज्या इणल्या, बाई.
चक्कीवर दुसरे होते.'
जणू गावानं एवढी एकच गोष्ट
बरोबर लिहून ठेवावी.

रेशनकार्डात नाव नव्हतं.
आधारच्या मशीनला अंगठा ओळखू येईना,
सुतानं रेघा खाऊन टाकलेल्या.
ठाण्यातल्या कागदावर मात्र दहाही बोटं आहेत.
तीन खेपा दारव्ह्याला.
लाल गाडीत तो खिडकी सोडून बसायचा,
भाड्याचे पैसे मुठीत धरून,
कंडक्टर पुढे गेला तरी धरूनच.
तिसऱ्या खेपेला बाबूनं डोळ्यांचा फोटो घेतला.
'पापणी हलवू नका,' म्हणाला.
त्यानं हलवली नाही.
बाबूलाच सांगावं लागलं, झालं आता.

रोज दिवेलागणीला, पट्टा उतरवला
की तो भिंतीशी जाऊन उभा राहायचा.
हात बाजूला, नजर तुऱ्हाट्यांच्या कुडावर.
मला वाटलं, थकला असेल.
आठ दिवसांनी विचारलं.
'गिनतीची येळ हाय.
कोनी मोजलं नाही त झोप येत नाही.'
कोणी शिकलेली बाई असती, तर तिनं समजावलं असतं.
मी हाताचं पीठ झटकलं,
म्हटलं, 'एक.'
तो जेवायला गेला.

वच्छलाबाई तेव्हापासून डबा डोक्यावर घेऊन
शेजारच्या गावी दळायला जायची.
माझी चक्की तिच्या दारातून दिसते.
ती चुकली असं मी म्हणत नाही.
धुऱ्यावरची एक बाभूळ,
त्यावरून बंडीची उभारी उचलली गेली,
आणि तिचा कवडू घरी आला तो खाटेवर.
बाभूळ अजून आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या गावची डीपी जळाली.
ती आली.
पाच किलो गहू, डब्याला फडकं बांधलेलं.
मी उठत होते, पण त्यानं आधीच
खालची पेटी पुसायला घेतली होती.
तिच्याकडे न बघता जातं जुळवलं,
चिमूट पीठ बोटांत चोळलं, पुन्हा जुळवलं.
चार पायल्यांचं दळण एवढ्या वेळात झालं असतं.

तिनं डबा स्वतः काट्यावर ठेवला.
बरोबर पाच.
'घट कुठी गेली?'
तिनं मला विचारलं. त्याला नाही.
दळणात मूठभर घट येतेच, साऱ्या जगाला माहीत आहे.
त्यानं गल्ल्याजवळच्या आमच्या पिठातून भरली होती,
माझी नजर चुकवून.
तिनं झाकण काढलं,
एक मूठ पीठ उचललं, पेटीत परत टाकलं.
काट्याकडे पाहिलं. अजून चिमूटभर टाकलं.
'माह्यं हाय तेवढंच.'
दळणाचे पैसे मोजून दिले
आणि गेली, उन्हात,
डब्यावरच्या बोटांना पीठ तसंच.

संध्याकाळी तो भिंतीशी गेला.
'एक,' मी म्हटलं.
तो हलला नाही.
'कवडूले धरून मोजा, बाई.'

मी हातात आकडी घेऊन उभी.
हिशेबाची वही लिहिते मी, बावीस वर्षं,
उधारी, जमा, घट.
हे कुठल्या रकान्यात टाकायचं ते मला येत नव्हतं.
मी काहीच बोलले नाही.
शटर ओढलं, ते नेहमीसारखं अर्ध्यावर अडकलं.
थोड्या वेळानं तो आला
आणि दुसऱ्या टोकाला वाकला.