दिसलालाव का?

उदगीरच्या त्या हॉलला सात पायऱ्या होत्या.
चार वर्षं चढले, कधी मोजल्या नाहीत.
माझे आकडे वेगळे:
खांदा वर, एक. कोपर सरळ, दोन.
निळ्या खुर्च्यांचं अर्धं रिंगण,
भिंतीला टेकलेल्या काठ्या, कुबड्या, एक वॉकर,
आणि रिक्षावाला सत्तार, जो एकेकाला उचलून आत आणायचा
आणि मग शेवटच्या खुर्चीत स्वतःही मान फिरवायचा, फुकटात.

छताचे पोपडे पडू लागले. कुलूप लागलं.
वर्ग माझ्या मोबाइलमध्ये आला,
स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीला टेकून.

पहिल्या दिवशी केरबा बिराजदार म्हणजे नुसता पंखा.
झुलेखाबी म्हणजे एक गुडघा, फुलाफुलांची सलवार.
"दिसलालाव का, मॅडम?"
दिसताय, म्हटलं. थोडे थोडे.
नातीला सांगितलं, फोन खाली घे बाई,
अजून खाली, उशीला टेकव,
तेव्हा कुठं आजोबांचा डावा हात चौकटीत आला,
नव्या पाहुण्यासारखा,
बसू का नको करत.

माझ्या हातांना काय सांगू?
त्यांना कोपर धरायची सवय.
कुठं ताण आहे ते बोटांना आधी कळायचं, मला नंतर.
आता मी काचेला विचारते, दुखतंय का,
काच म्हणते, नाई, बरं हाय.
काचेपलीकडं सगळ्यांचं बरंच असतं.
एकदा लिंबाजी मास्तर उठता उठता कलले
आणि माझा हात आपोआप पुढं गेला.
बरणी आडवी, मीठ ओट्यावर, फोन पालथा.
त्या अंधारातून त्यांच्या सुनेचा आवाज:
धरलं, धरलं.
त्या दिवशी मला पुढचा आकडा आठवेना.

पण एक गंमत झाली.
मी सात म्हणते
तेव्हा झुलेखाबी पाचवर, मास्तर चारवर,
नळेगावचे कुणी अजून नमस्कारावरच.
हॉलमध्ये केरबांचा हात सगळ्यांच्या मागून वर पोचायचा
आणि ते हळूच इकडंतिकडं बघायचे,
कुणी पाहिलं का.
आता सगळेच मागून. रेंजच तशी.
कोण अर्धांगानं थांबलंय, कोण टॉवरनं,
मलाही सांगता येत नाही.
परवा केरबा हसले.
हसताना त्यांचा ओठ उजवीकडं जरा जास्त वर जातो.
चार वर्षांत हे मी पाहिलंच नव्हतं.

महिन्याभरानं एक नवा चौकोन उघडला.
पांढरी भिंत, खिळ्याला मापाची टेप,
पलंगावर द्रोपदा म्हेत्रे.
पोलिओचे पाय. शिलाई मशीन हातानं फिरवून
घट्ट झालेले खांदे.
घर कुठं, म्हटलं.
हॉलच्या समोरच की ताई, गल्लीच्या पलीकडं.
तुमचे आकडे खिडकीतून येत होते मला.
मग आला का नाहीत?
ती बघत राहिली. मला वाटलं, फोन अडकला.

"सात हायत," ती म्हणाली.
आणि थोड्या वेळानं,
"सत्तारभाई चांगलाय. पण उचललेलं आवडत नाही मला."

त्या रात्री मी बंद हॉलकडं गेले.
पायऱ्या मोजल्या.
सातच होत्या. सातवी फुटलेली.

हे सगळं चांगलंच झालं असं नाही.
झुलेखाबी म्हणते, वर्ग संपला की तुम्ही विझता.
आधी चहा असायचा, एका कपाचे दोन करून,
कुणाच्या जावयाची तक्रार, कुणाच्या गोळ्या कुणाला.
आता लाल बटण,
आणि मग आपल्या घरातली आपली भिंत.

आज दहावर लाईट गेली.
वायफाय गेलं, सगळे चौकोन गेले,
मी हात वर तसाच ठेवून बसले,
कुणासाठी कोण जाणे.
संध्याकाळी केरबांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला,
मागं शेळी ओरडलालीय:
"मॅडम, तुम्ही दहाला गेल्ताव.
आम्ही ईस केलाव.
द्रोपदाबाईनं मोजलं."