नळ आला

"नळ आला" अशी हाक
खालच्या बोळातून वर येते,
आणि दाजी पेठेतल्या आमच्या लॅबमध्ये
अठ्ठावीस खुर्च्या एकदम मागं सरकतात.
चार दिवसांनी आलेलं पाणी,
टिकलं तर तासभर.
लॉगआउट करायला कोण थांबतं?

पोरी जातात. पडदे काळे होतात.
मी उरतो, आणि कोपऱ्यातल्या जाळीच्या कपाटात
घोंघावणारा सर्व्हर.
टेबलांवरच्या डब्यांना डोकं नाही.
डोकं हे एकच, सोळा जीबीचं, लिनक्सवालं,
अठ्ठावीस जणींचं मिळून.

मी एकच अक्षर टंकतो, डब्ल्यू.
यादी उतरते:
कोण, कुठल्या जागेवर, किती वेळ गप्प.
मादगुंडी, बावीस मिनिटं. घरात हंडे जास्त असतील.
शेख रुबिना, चोवीस.
कुरापाटी, एकोणतीस. ही नळावर भांडत असणार.
वंगारी भाग्यलक्ष्मी,
अकरा दिवस.

तीस मिनिटं हालचाल नाही, तर सेशन बंद.
नियम मीच लिहिला, क्रॉनमध्ये मीच घातला,
आणि वंगारीचं नाव त्यातून मीच वगळलं.
का, ते कुठल्याच लॉगमध्ये नाही.

बाबा एकदा आले होते इथं.
चाळीस वर्षं यंत्रमागापाशी उभं राहून
एका कानानं कमी ऐकणारे.
मी मुद्दाम एका डब्याची पिन उपटली,
शेजारच्या डब्यावर तेच नाव घातलं,
अर्धं वाक्य जिथल्या तिथं.
बाबांनी पडद्याला बोट लावून पाहिलं.
धोटा अडकला की माग थांबतो,
वीज गेली की अख्खं शेड थांबतं,
हे कसलं यंत्र?
तेलुगूत म्हणाले,
"मग बंद कधी होतं हे?"

काल मेमरी भरली.
फॉर्म भरायचा शेवटचा दिवस,
सगळ्यांचे माउस डांबरात रुतल्यासारखे.
"सर, हलेना की!" "सर, माझंबी!"
मी यादी काढली. सगळ्यात जुनी ओळ तीच.
तिच्या नावावर दोनच गोष्टी चालू होत्या,
एक कोरा कागद आणि एक कॅल्क्युलेटर.
मनात आणलं असतं तर
तिचा पडदा माझ्या पडद्यावर उघडता आला असता.
नाही आणलं.

नऊ नंबरानं मारलं तर
मेल्याचंही कळत नाही.
पंधरा नंबर म्हणजे कडी वाजवणं,
आवरा बाई, निघायचं आहे.
मी पंधरा दिला.
दहा सेकंद थांबलो.
ओळ गेली.
माउस हलले. पोरी ओरडल्या.
कुणाला काही कळलं नाही.

आणि आज ती आली.
बोटांच्या टोकांना विडीची तंबाखू,
ओढणीला तोच वास.
"सर, माझा हिशेब उघडा होता."
मी मेमरीचं सांगू लागलो, नियमाचं,
शेवटच्या तारखेचं,
आवाज उगाच चढलेला.
"ऱ्हाऊ द्या सर," ती म्हणाली,
"आकडा पाठ हाय."

चौदा नंबरला बसली.
कॅल्क्युलेटर उघडून सावकाश टंकलं,
सतरा हजार चारशे बावीस,
आणि त्यापुढं वजाबाकीचं चिन्ह.
मग हात मांडीवर ठेवून
नुसतं बघत राहिली.
कशातून काय वजा, मी विचारलं नाही.

तेवढ्यात बोळातून हाक आली.
सत्तावीस खुर्च्या.
ती बसलेलीच.
"तू नाही जात?"
"आमच्या गल्लीला उद्या हाय."

थोड्या वेळानं तीही उठली.
मी डब्ल्यू टंकलं.
सत्तावीस नावं, सगळी गप्प.
तिचं नव्हतं.
जाताना तिनं
लॉगआउट केलं होतं.