नकाशात नसलेलं वळण

माझ्या ड्रॉइंगवर ती वाट सरळ होती.
लांबी एकशे चाळीस मीटर, रुंदी अडीच,
कडेला करंज, सहा बाकडी, एक फलक,
फलकावर नावांसाठी भरपूर जागा.
विकास आराखड्यात: बाग.
प्रत्यक्षात: फुटक्या विटा, मांडवाचे गंजके सांगाडे
आणि जयंती नाल्याच्या अंगाला
छातीएवढी घाणेरी.

मोजणीला गेलो, तर टेपचं दुसरं टोक धरायला
माणूस नव्हता. मुकादम आजारी.
एक बाई आल्या, पर्स खांद्यावर सारून टोक धरलं.
“बिल्किस मुजावर. भूगोल शिकवायचे.
ताणून धरा, मध्ये झोळ पडलाय.”
अकरा वर्षं त्या ह्या जागेसाठी अर्ज लिहीत होत्या.
सगळ्या पोचा साडीच्या दुकानाच्या पिशवीत,
त्यातल्या तिघींवर माझीच सही.
मला आठवत नव्हतं.
त्यांनी तारखा सांगितल्या.

फक्की मारली. पांढरी रेघ, नाकासमोर.
सकाळी येऊन बघतो तर
रेघ चार जागी पुसलेली.
तिला कापत गेलेले खुरांचे ठसे
नाल्याकडून चढत, बोरीला वळसा घालून
दूधकट्ट्याकडे निघालेले.

सर्जेराव शेळके तिथंच उभा. मागं सात म्हशी,
शिंगांना तेल, माझ्याकडं बघत रवंथ.
“सायेब, रेघ तुमची बरोबर असंल.
पर म्हस चढाला आडवी चढत्या.
माझ्या आज्ज्याच्या म्हशीबी हितनंच जायच्या.
आनि तुमच्या रेघंवर पानी साचतंय बगा,
हितं न्हाई साचत.”

मी अंदाजपत्रक सांगितलं. मंजुरी सांगितली.
म्हशीनं शेण टाकलं.

रात्री तालमीच्या कट्ट्यावर बैठक.
माणसं तीस, मतं एकतीस.
कुणाला व्यायामाची यंत्रं हवी, कुणाला पार्किंग,
एकाला फक्त एवढंच, की शेजाऱ्याला हवं ते नको.
कोरव्यांची म्हातारी शेवटी उठली,
“बाकडं सावलीत घालू नगासा.
थंडीत हाडं कुठं शेकू मी?”
हसले सगळे. मी लिहून घेतलं.
तेवढंच मी त्या रात्री लिहिलं.

पहाटे एकटाच लेव्हल घेऊन गेलो.
कुणाला सांगितलं नव्हतं,
तरी बाई थर्मास घेऊन हजर.
माझ्या रेघेचा चढ: आठास एक.
म्हशींच्या वाटेचा: वीसास एक.
दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा बाईंनी मोजलं.
“म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या समीरची
चाकाची खुर्ची चढेल,” त्या म्हणाल्या,
आणि चहा ओतला, आणि मग बराच वेळ
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

सुधारित मंजुरीला चार महिने लागले.
फाईल एका टेबलावर अडली की बाई जायच्या,
टेबलासमोर खुर्ची ओढून बसायच्या,
भांडायच्या नाहीत. स्वेटर विणायच्या.
बाही पुरी व्हायच्या आत सही व्हायची.

घाणेरी उपटायला पोरं आली, तालमीतली,
बोरीला हात लावायचा नाही ह्या अटीवर.
मुरूम पडला, दगडाची कड बसली.
शेळक्याच्या म्हशी पहाटे साडेपाचला,
फिरणारे सहानंतर. तसं ठरलंय.
म्हशींनी पाळलंय, माणसं कधीकधी लवकर येतात
आणि मग नव्या बुटांवरून तक्रारी येतात.
दोन दिवे अजून लागलेले नाहीत.
नळाबद्दलचा बाईंचा अर्ज कालच आला,
पोच दिली. ह्यावेळी तारीख लक्षात ठेवलीय.

काम पूर्ण झाल्याच्या अहवालात एक रकाना असतो:
मंजूर नकाशापासून विचलन, व कारण.
मी ऑफिसच्या भाषेत लिहिलं,
‘स्थानिक परिस्थितीनुसार.’

उन्हातल्या बाकड्यावर
स्थानिक परिस्थिती गुडघे चोळत बसलीय.
मला बघून थोडी सरकते.