नदीच्या मध्यावर हॉर्न

रायबंदरच्या धक्क्यावर साडेसातची फेरी लागते.
फळी अजून सिमेंटला धड टेकलेली नसते
तोच एक बाइक आत घुसते,
उतरणाऱ्यांच्या अंगावर.
कायतान अंड्यांचा ट्रे छातीशी धरून
कठड्याला चिकटतो, पोट आत ओढून,
जणू पोट हाच काय तो अडथळा.
आरसा ट्रेला घासतो.
दोन अंडी फुटतात.
बाइकवाला थांबतो,
वाकडा झालेला आरसा सरळ करतो,
त्यात आपले केस बघतो
आणि पिवळ्या बलकावरून चाक नेतो.

‘दिसना रे तुका?’ कायतान म्हणतो,
पण फार हळू. चर्चमध्ये म्हटल्यासारखं.

मग गाड्या. तुळशीदास खलाशी
हात हलवून एकेकीला बोलावतो
आणि तिन्ही एकदम येतात.

नंबरप्लेट वाचायची सवय आहे आम्हा गोंयकारांना.
परराज्यातली निघाली की कसं बरं वाटतं,
आपलं घर झाडून झाल्यासारखं.
आज तिन्ही आपल्याच.
एक तर माझ्या वाड्यावरची,
काचेवर कुळदेवतेचं नाव.
मी दुसरीकडे बघते.

फेरी सुटते. पाणी ओहोटीचं, गढूळ.
कुणी बाई फोन स्पीकरवर लावते
आणि मांडवी ओलांडता ओलांडता
आम्हा पन्नास-साठ जणांना कळतं
की तिच्या जावेने बारशाला घातलेली चेन
सोन्याची नाही.
जावेची बाजू मांडायला फेरीत कोणी नाही.
एक बाप मुलाच्या हातातलं
वेफर्सचं रिकामं पाकीट घेतो,
त्याची नीट घडी घालतो
आणि ती घडी नदीत सोडतो,
अलगद, निर्माल्य सोडावं तशी.

आणि बरोब्बर मध्यावर,
जिथून दोन्ही काठ सारखेच लांब,
मागची गाडी हॉर्न वाजवते.
तिच्यापुढे एक स्कूटर.
स्कूटरपुढे साखळी.
साखळीपुढे पाणी.
पाण्यापलीकडे चोडणची खारफुटी, एका पायावर बगळा.
पुन्हा वाजवते. लांबलचक.
स्कूटरवरची पोर गोंधळते,
मागे बघते, पुढे बघते,
आणि खरंच
वीतभर पुढे सरकते.

मी मनातल्या मनात संपादकांना पत्र लिहीत होते.
‘महोदय’ झालं होतं, ‘नागरी जाणीव’ झाली होती,
‘आपण नक्की कुठे चाललो आहोत’ हे लिहून खोडलंही होतं,
कारण चोडणला चाललो होतो.
छान जमत होतं.
इतकं, की समोर खांब धरून
रोझालिनमाय उभी आहे हे मला दिसलं
ते फळी खाली जायला लागल्यावर.
रात्र गोमेकॉत काढलेली,
काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, गुडघ्याला पट्टा.
आणि माझ्या शेजारी बाकावर
माझी पिशवी बसलेली,
धक्का सुटल्यापासून, ऐसपैस.

मी ती ओढून घेतली. ‘बस गो माय, बस.’
तिने आधी बाकाकडे बघितलं, मग काठाकडे.
‘आसूं बाय,’ म्हणाली, ‘पावलींच गो आतां.’
रागाने नाही.
रागावली असती तर पत्राला एक परिच्छेद मिळाला असता.

मी उगाच बाकावर हात ठेवला.
पिशवीतल्या डब्याने
तेवढी जागा ऊबदार ठेवली होती.

फळी टेकायच्या आत सगळी इंजिनं सुरू झाली.
तुळशीदासने हात वर केला: थांबा.
रोझालिनमाय तेवढी थांबली.
चोडणच्या मातीला पहिलं लागलं
ते पिवळं चाक.