हरिपूरचं पेव

सिदू हमाल सांगतो :
"पेव उघडलं, तसाच कंदील घेऊन उतरलो.
हळदीवर रेवाप्पा अडत्या पालथा."
मोडीतली जबानी, खाली अंगठा.

तसाच?
बंद पेवात वात जगत नाही, सिदू,
माणूसही नाही.
तुझ्याआधी कुणीतरी तोंड उघडून
वारा आत सोडला होता.
की तूच?

यसबा आंबीनं होडीतून
चांदण्यात चेहरा ओळखला.
मी जुनं पंचांग काढलं.
अवस.

काशव्वा म्हणाली,
"दिसलं न्हाई काईच.
पहाटं घाटावर कोन तरी हात घाशीत हुतं,
लई येळ."
साहेबाचा शेरा : निरुपयोगी.

मी तिच्यावर विश्वास ठेवतो.
हळद लवकर जात नाही.

पण त्या वर्षी हरिपुरात
पिवळे नसलेले हात
होते कुणाचे?